सौरसंचाची तक्रार: आधी तिचे तुकडे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराच्या छपरावर ५ किलोवॅटची पॅनेलं आणि १० युनिटची बॅटरी बसवून सव्वा वर्ष झालं. विकताना ‘बिल जवळजवळ शून्यावर येईल, रात्र बॅटरीवर निघेल आणि वीज गेली तरी घर चालू राहील’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात बिल निम्म्यानंही उतरलेलं नाही, बॅटरी रात्री दहा-साडेदहाला संपते आणि वीज गेली की घरात अंधार. बसवणारा म्हणतो बॅटरी कंपनीला विचारा, बॅटरी कंपनी म्हणते जोडणीत दोष आहे, विक्रेता फोन उचलत नाही. दाद कुठे आणि कशी मागायची?

बसवलेले संच तपासणं आणि अशा भांडणांत दोन्ही बाजूंचं ऐकून अहवाल देणं हे माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो, तुमची तक्रार एक नाही, तीन आहेत. आणि तिन्ही एकाच पत्रात कोंबल्यामुळेच ही टोलवाटोलवी चालू आहे. ‘संच नीट चालत नाही’ असं लिहिलं की प्रत्येक जण ‘आमचा भाग नीट आहे’ असं उत्तर देऊन मोकळा होतो, आणि बरेचदा ते खरंही असतं. ‘तुम्ही हे लेखी कबूल केलं होतं, मोजल्यावर ते निघालं’ असं लिहिलं की हात झटकणं अवघड जातं. म्हणून आधी प्रत्येक तक्रारीमागचं नेमकं वचन शोधायचं, मग मोजायचं, आणि मगच दार ठोठवायचं.

त्याआधी एक गोष्ट. बॅटरी फुगलेली दिसत असेल, उग्र वास किंवा फुसफुस येत असेल, इन्व्हर्टरजवळचा (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राजवळचा) डीसी स्विच, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, तपकिरी पडला असेल, तर ती तक्रार नाही, धोका आहे. घराबाहेर पडा, अग्निशमन दलाला बोलवा, पत्रव्यवहार नंतर. दिवसाउजेडी पॅनेलच्या तारांमध्ये वीज असतेच; स्विच बंद केला तरी स्विचपर्यंतचा भाग जिवंत राहतो, त्यामुळे छपरावरचे कनेक्टर स्वतः उघडून बघू नका. बॅटरीचा सिरियल नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर एकदा टाकून बघा. एलजी एनर्जी सोल्युशनने २०२० आणि २०२१ मध्ये रेसू मालिकेतल्या काही घरगुती बॅटऱ्या अति तापून आग लागण्याच्या शक्यतेमुळे परत मागवल्या होत्या. असा नंबर निघाला तर भांडायची गरजच उरत नाही.

आता सगळ्यात सोपी तक्रार आधी घेऊ: वीज गेली की अंधार. वीजजाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्यातली वीज गेली की बंद पडतो, आणि तसा तो पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरची वीज लागेल. अंधारात घर चालू ठेवायचं तर जाळ्यापासून घर तोडणारा वेगळा स्विच लागतो आणि बहुधा निवडक सर्किटं वेगळी काढून बॅकअपवर घ्यावी लागतात. हे काम झालेलं नसेल तर बॅटरी कितीही भरलेली असो, घर बंदच राहणार. म्हणजे प्रश्न बॅटरीच्या गुणवत्तेचा नाही, कोटेशनमध्ये ‘बॅकअप’ लिहिलं होतं की नाही याचा आहे. लिहिलं असेल तर जबाबदारी विक्रेत्याची आणि बसवणाऱ्याची. बॅटरी कंपनीला यात ओढू नका. बॅकअप आहे पण पंप किंवा वातानुकूलन सुरू होताच सगळं बंद पडतं, अशीही एक जात आहे. मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि इन्व्हर्टरला ते झेपत नाही. हा आखणीतला दोष. कोणती उपकरणं चालतील हे तुम्हाला आधी लिहून दिलं होतं का, त्यावर तो कोणाच्या माथी बसतो ते ठरतं.

बिलाची तक्रार जास्त गुंतागुंतीची आहे, कारण बिल हे सौरसंचाचं मोजमापच नव्हे. बिलात तुमचा वाढलेला वापर असतो, बदललेले दर असतात, स्थिर आकार असतो, बाहेर दिलेल्या विजेचा हिशेब असतो. ‘बिल कमी झालं नाही’ म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, ‘घरात नवीन काही घेतलंत का?’ आणि गाडी तिथेच अडते. त्याऐवजी महिन्यागणिक तीन आकडे काढा: छपरावर किती युनिट तयार झाली, जाळ्यातून किती आली, जाळ्यात किती गेली. पहिला आकडा इन्व्हर्टरमधून मिळतो, उरलेले दोन वीज कंपनीच्या मीटरवरून. संचासोबत मिळालेल्या मोबाइल अॅपवर भिस्त ठेवू नका; का ते पुढे येईल.

तयार झालेली युनिटं कमी आहेत की नाहीत हे ठरवायला अपेक्षित आकडा हवा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचं पीव्हीजीआयएस किंवा अमेरिकेतलं पीव्हीवॉट्स ही दोन्ही साधनं फुकट आहेत. ठिकाण, पॅनेलचा कोन, दिशा आणि क्षमता टाकली की महिनावार अंदाज मिळतो. दोन्हींत तोट्याचा आकडा मूळचाच १४ टक्क्यांच्या आसपास धरलेला असतो. सावली असेल तर तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. तुमचं वार्षिक उत्पादन या अंदाजापेक्षा चार-पाच टक्क्यांनी कमी असेल तर भांडू नका; एखादं वर्ष ढगाळ जातं, शिवाय पॅनेल वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरतात. तूट १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर काहीतरी बिघडलंय असं मी धरून चालतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘५ किलोवॅटचा संच भर दुपारी ४ च दाखवतो’ ही तक्रार आठवड्याला येते, आणि ती टिकत नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेत मोजलेली असते: चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के तिथेच गेले, मग धूळ, तारा, इन्व्हर्टर. भर दुपारी ४ दिसणं हे चांगलं लक्षण आहे.

दिवसाचा आलेख मात्र नीट बघा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो घुमटासारखा हवा. रोज ठरावीक वेळी खड्डा पडत असेल तर सावली. माथा सुरीने कापल्यासारखा सपाट असेल तर इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा लहान आहे किंवा बाहेर वीज देण्यावर मर्यादा घातली आहे. ही मर्यादा विकताना सांगितली होती का, हा खरा प्रश्न. पावसानंतर सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही आणि छप्पर वाळलं की चालतो, असं असेल तर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये किंवा पेटीत पाणी शिरलंय आणि इन्व्हर्टर गळती ओळखून थांबतोय. हा सरळसरळ बसवण्यातला दोष आहे आणि तो रेंगाळू देऊ नका.

आणि आलेख भर दुपारी एकदम शून्यावर पडून पुन्हा उठत असेल तर बहुधा व्होल्टेज चढतंय. इथे तीन पक्ष एकमेकांवर खापर फोडतात, पण निवाडा एका मल्टिमीटरने होतो. २३० व्होल्टच्या जाळ्यात बऱ्याच देशांत वरची मर्यादा १० टक्के, म्हणजे २५३ असते. त्याच्या आसपास इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून, संच जोरात चालू असताना, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजून घ्या. इन्व्हर्टरपाशी २५५ आणि मीटरपाशी २४६ असेल तर मधल्या केबलमध्येच ९ व्होल्ट चढतायत. केबल बारीक किंवा फार लांब आहे, ती बदलून द्यायची जबाबदारी बसवणाऱ्याची. दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आणि संच बंद केल्यावरही मीटरपाशी ते वरच राहत असेल तर पत्र वीज कंपनीला जायला हवं. हे मोजमाप न करता गेलेले ईमेल मी फार पाहिलेत. वर्षभर घोंगडं भिजत पडतं.

आता अॅपवर भिस्त का ठेवू नये ते. घरात येणाऱ्या मुख्य तारेवर एक छोटा चिमटा असतो, त्याला सीटी म्हणतात. वीज आत येतेय की बाहेर जातेय हे बॅटरीला तोच सांगतो. त्याच्यावर बाण असतो. तो उलटा बसला की बॅटरीचं जग उलटं होतं. अशा एका घरी मी गेलो तेव्हा अॅपवर सगळं हिरवंगार होतं: रोज भरपूर वीज बाहेर जातेय असं दिसत होतं, बिल मात्र आधीपेक्षा वाढलेलं. अंधार पडल्यावर पाणी तापवायचा २ किलोवॅटचा हीटर लावायला सांगितला. अॅपवर बाहेर जाणारी वीज लगेच २ किलोवॅटनं वाढली. सूर्य मावळलेला, पॅनेल झोपलेली, आणि घर वीज निर्यात करतंय! बॅटरी त्या ‘जास्तीच्या’ विजेवर चार्ज होऊ पाहत होती, म्हणजे प्रत्यक्षात जाळ्यातूनच ओढत होती. चिमटा काढून फिरवून बसवला, दहा मिनिटांचं काम. त्या कुटुंबाने तोवर बॅटरी बदलून मागितली होती, आणि कंपनीने ती तपासून ‘निर्दोष’ म्हणून परत केली होती.

ही चाचणी तुम्ही आजच करू शकता. रात्री मोठं उपकरण लावा: अॅपमध्ये येणारी वीज, किंवा बॅटरीतून निघणारी वीज, तितक्याच आकड्याने वाढली पाहिजे. बाहेर जाणारी वाढली तर चिमटा उलटा. काहीच हललं नाही तर तो भलत्याच तारेवर बसलाय. तीन फेजच्या घरांत हे नेहमीचं. सोबत एका महिन्याची अॅपवरची आयात आणि मीटरवरची आयात शेजारी शेजारी मांडा. दोन्हींत दहा-वीस टक्क्यांचा फरक असेल तर बाकी कुठलीही तक्रार करण्याआधी ही दुरुस्ती करून घ्या.

राहिली बॅटरी. तिच्यावर लिहिलेले १० युनिट आणि घरात पोचणारे युनिट यांत बरंच अंतर असतं. वापरता येण्याजोगी क्षमता ९ धरू. वीज गेल्यास हाताशी असावं म्हणून बसवणाऱ्याने २० टक्के राखीव ठेवले असतील तर उरले ७.२. इन्व्हर्टरमधून बाहेर पडताना आणखी थोडं गळतं. घराला पावणेसात मिळाले तरी भरपूर. संध्याकाळी सहापासून घर सरासरी दीड किलोवॅट खात असेल तर हा साठा साडेदहाला संपतो. तुमची बॅटरी दहा-साडेदहाला संपते. म्हणजे ती ठणठणीत असण्याची शक्यता दाट आहे, आणि तक्रार असलीच तर ‘रात्र निघेल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध आहे. तुमचा वापर विचारून, बिलं बघून त्याने क्षमता ठरवली होती का? तो हिशेब लेखी मागा. बहुतेकदा नसतो, आणि तो नसणं हाच तुमचा मुद्दा होतो.

बॅटरी खरोखर उतरली आहे का हे बघायचं तर ती १०० टक्के भरू द्या, स्थिर भार लावून तळापर्यंत उतरवा आणि बाहेर पडलेली युनिटं मोजा. टक्केवारी ३० वरून एकदम शून्यावर कोसळत असेल तर सेलमध्ये असमतोल असू शकतो, किंवा नुसता अंदाज चुकलेला असू शकतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. ती आठवडेच्या आठवडे पूर्ण भरलीच नाही तर आत किती उरलंय हे तिलाच नीट कळत नाही. सलग काही दिवस पूर्ण भरून बघा. सुधारलं नाही तर कंपनीकडे बॅटरीच्या आतल्या नोंदींची, म्हणजे बीएमएसच्या लॉगची, मागणी करा.

वॉरंटीचा कागद वाचताना ‘जे आधी घडेल ते’ हे शब्द शोधा. बॅटरीवर बहुधा १० वर्षं आणि अखेरीस ६० ते ७० टक्के क्षमता असं वचन असतं, पण त्याला एकूण किती वीज बाहेर काढली याची अट जोडलेली असते. समजा १० युनिटच्या बॅटरीला ३०,००० युनिटची मर्यादा आहे. रोज एकदा पूर्ण वापरली तर ती सव्वाआठ वर्षांत संपते, कॅलेंडर काहीही म्हणो. काही कंपन्या बॅटरी इंटरनेटला जोडलेली नसेल तर वॉरंटी आखडती घेतात. आणि जवळपास सगळ्याच वॉरंट्या सुटा भाग देतात. तो उतरवण्या-चढवण्याची मजुरी, वाहतूक आणि बंद काळातलं नुकसान त्यात असेलच असं नाही. हे खर्च कोण सोसणार, हे तक्रारीतच विचारून टाका.

पत्र लिहिण्याआधी पुरावा आपल्या हातात घ्या. अॅपचं खातं बरेचदा बसवणाऱ्याच्या नावावर असतं. भांडण पेटलं किंवा त्याने धंदा गुंडाळला की तुमची नजरच बंद. मालकी हक्क आपल्या नावावर करून घ्या, दिसतो तेवढा सगळा डेटा उतरवून ठेवा, कारण पाच-पाच मिनिटांच्या नोंदी कायम राहत नाहीत. एरर कोडचे तारखेसह फोटो काढा. पॅनेल धुऊन घ्या आणि धुण्याआधीचं-नंतरचं उत्पादन लिहून ठेवा, कारण पहिलं उत्तर ‘धूळ साचली असेल’ हेच येणार. आणि संच सुरू करतानाचा तपासणी अहवाल मागा. आयईसी ६२४४६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यात काय हवं ते दिलेलं आहे: सर्किटचा नकाशा, साहित्याची यादी, प्रत्येक स्ट्रिंगचं (एकामागोमाग एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचं) व्होल्टेज, अर्थिंगची आणि इन्सुलेशनची चाचणी. चांगला बसवणारा हा अहवाल त्याच दिवशी पाठवतो. जो पाठवत नाही त्याने चाचणी केलेलीच नसते, असा माझा अनुभव.

पत्र कोणाला? पावती ज्याच्या नावाची, त्याला. तुमचा करार त्याच्याशी आहे. माल कोणाचा आणि माणसं कोणाची होती हा त्याचा घरगुती मामला. उत्पादकाची वॉरंटी ही त्यावरची जादा सोय, विक्रेत्याची सुटका नव्हे. कर्ज काढून संच घेतला असेल तर कर्ज देणाऱ्यालाही प्रत पाठवा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार ठरावीक मर्यादेतल्या व्यवहारांत विक्रेत्याबरोबर पतपुरवठादारही जबाबदार ठरतो. तुमच्याकडे अशी तरतूद आहे का ते बघा. हप्ते थांबवू नका. रागाच्या भरात लोक थांबवतात आणि तक्रारदाराचे थकबाकीदार होतात.

बॅकअपच्या तक्रारीचा मजकूर असा असावा: ‘आपल्या कोटेशनच्या पान ३ वर, वीज खंडित झाल्यास दिवे, फ्रिज व इंटरनेट बॅटरीवर चालतील, असे नमूद आहे. अमुक तारखेस इलेक्ट्रिशियनच्या उपस्थितीत मेन स्विच बंद केला असता बॅटरी ८४ टक्के असूनही यांपैकी एकही सर्किट चालू राहिले नाही. व्हिडिओ व फोटो सोबत जोडले आहेत. कबूल केलेली जोडणी १४ दिवसांत विनामूल्य करून द्यावी. शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’ बस. ‘फसवणूक’ नाही, आधीच्या फोनांची जंत्री नाही. बिलाचं आणि बॅटरीचं वेगळं पत्र, वेगळ्या पुराव्यासह. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ म्हणून ईमेल टाका.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्रयस्थ तपासणी. थर्मल कॅमेरा तापलेले सेल दाखवतो, आयव्ही कर्व्ह चाचणी प्रत्येक स्ट्रिंगची खरी ताकद सांगते. तपासणीची तारीख समोरच्याला लेखी कळवा आणि हजर राहायला सांगा. तो आला नाही तरी अहवालाचं वजन वाढतं. आला तर अर्ध्या वेळा तिथेच तोडगा निघतो. त्यानंतर ग्राहक आयोग किंवा तुमच्या देशात जी यंत्रणा असेल ती. तिथल्या मुदतीवर आधीपासून लक्ष ठेवा. भारतात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत, आणि आश्वासनांच्या फोनांत दोन वर्षं झपाट्याने जातात.

कंपनीच बुडाली तर? मोठी नावंही सुटत नाहीत. अमेरिकेतल्या सनपॉवरने ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एलजीने २०२२ मध्ये पॅनेलचा धंदा सोडला, पण वॉरंटी पाळू असं जाहीर केलं. बसवणारा गेला की कामाची हमी बहुधा त्याच्याबरोबर जाते, साहित्याची मात्र उत्पादकाकडे शिल्लक राहते. नव्या माणसाकडून संच उघडण्याआधी उत्पादकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर ‘अनधिकृत हाताळणी’ म्हणून तीही जाईल.

शेवटी तडजोडीचा कागद पुढे येतो, ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेला. दुरुस्ती झाली त्याच संध्याकाळी त्यावर सही करू नका. एक महिना चांगल्या उन्हाचा जाऊ द्या, तीन आकडे पुन्हा काढा, एकदा मेन स्विच पाडून बघा. बदललेल्या भागाला नव्याने वॉरंटी आहे की जुनीच उरलेली, हे त्या कागदात लिहून घ्या. दुसऱ्या वॅटचं पॅनेल बदलून दिलं असेल तर त्याचा करंट बाकीच्यांशी जुळतो का हे आकड्यांसह मागा. स्ट्रिंगमधलं एक दुबळं पॅनेल बाकीच्यांना खाली ओढतं, आणि मग पुढच्या वर्षी तीच तक्रार नव्या तारखेने लिहावी लागते.